युरियाची गोणी आणि आम्ही चौघी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. खानदेशाबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, आम्हाला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, झाडाला झोका, गौराई, आमरस, सांजोऱ्या, खापरावरचे मांडे. माझी आई बावन्न वर्षांची झाली तरी अजून जाते, कारण तिची आई म्हणजे आमची जिजी अजून आहे, आणि जिजी आहे तोवर शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावाला माहेर म्हणता येतं. यंदा मीपण गेले, लेकीला घेऊन. लेकीला इथे चिमी म्हणते, खरं नाव टाकलं तर मोठी झाल्यावर माझ्यावर केस करेल.

तर मामाच्या घरात कापूस. म्हणजे पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, भाव येईल भाव येईल करत जानेवारीपासून ठेवलेला, त्यामुळे घरात सगळ्यांच्या अंगाला खाज आणि सगळं घर ओट्यावर झोपतंय. मामाने एक इलेक्ट्रॉनिक काटापण घेऊन ठेवलाय, गावात खरेदीला येणारे व्यापारी काटा मारतात असं त्याचं ठाम मत आहे. दुपारची जेवणं झाली, बाहेर ४४ डिग्री, आमरस खाऊन सगळ्यांचे डोळे मिटायला लागलेले, तेवढ्यात मामेभाऊ म्हणाला चला सगळ्यांचं वजन करू.

पहिला मामा चढला. ८८. लगेच म्हणाला काटा चुकतोय. मग खात्री करायला म्हणून मागच्या खोलीतून युरियाची गोणी आणली, न फोडलेली, ४५ किलोची, ठेवली तर ४५.१ दाखवलं, म्हणजे काटा बरोबर आणि मामा चूक. मग आई ७८. मग मी, चपला काढून, कानातले काढायचेच राहिले होते, ७४. जिजीला दोघांनी धरून चढवलं तर ४३.२. आणि मग चिमी, वय वर्षे दहा, उडी मारून चढली, ४४.६.

मामा म्हणाला, "अर्धा किलो कमी पडी गया चिमे, नईते युरियानी गोणी व्हती तू!"

सगळे हसले. मीपण हसले, आणि हे लिहिताना त्याचीच लाज वाटतेय. चिमी काट्यावरून उतरली, काही बोलली नाही, आत जाऊन कापसात तोंड खुपसून बसली. पण खरी गोष्ट पुढे आहे. जिजी, जिला अर्धं ऐकू येत नाही, तिला कोणीतरी ओरडून सांगितलं की पणती तुझ्यापेक्षा जड भरली, तर ती बाई इतकी खुश झाली की बस. "पोरगी मन्हापेक्षा जड शे!" म्हणाली, उठून आत गेली, चिमीच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि मुठीत मांड्याचा तुकडा आणला होता तो तिच्या तोंडात घातला. "आखो ले व माय, आखो ले." आणखी घे गं, आणखी घे.

त्या दुपारपासून माझ्या डोक्यात हे चाललंय. एका काट्यावर चार पिढ्या, ४३, ७८, ७४ आणि दहाव्या वर्षीच ४४. रक्त एकच. आमच्या घरात यावर ठरलेलं उत्तर आहे की आमची हाडंच मोठी. बरं मग जिजीची हाडं कुठे गेली?

जिजी १९७२ च्या दुष्काळात बावीस-तेवीसची असेल, कागदोपत्री वय काय ते देव जाणे. आई तिच्या पोटात होती. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं होतं, दुष्काळी काम, खडी फोडायची. महाराष्ट्रात १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती असं नंतर वाचलं, त्या ५० लाखांत एक आमची जिजी, ओली बाळंतीण, झाडाला झोळी बांधून. खायला काय तर रेशनची मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर मिळायची सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ. मिलोची भाकरी थापताना तुटायची म्हणते, चव मातीसारखी. जिजीच्या घरी आज काहीही शिजतं पण सुकडीचा विषय काढला की ती पदर नाकाला लावते. माझी आई १९७३ च्या फेब्रुवारीत जन्मली. वजन कोणी केलं नाही, पण सुपात मावली असं जिजी सांगते आणि हाताने माप दाखवते, एक वीत आणि वर चार बोटं.

आता इथे मला एकदम हॉलंडला जावं लागेल, माफ करा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला, माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं, काही काळ तर चार-आठशेच्या घरात. तेव्हा पोटात असलेली मुलं पुढे एकोणीस वर्षांची झाली आणि सैन्यभरतीसाठी त्यांची तपासणी झाली, तशा तीन लाख तरुणांच्या नोंदी काढून १९७६ साली एक अभ्यास छापून आला. ज्यांच्या आयांची उपासमार गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात झाली होती त्या पोरांत लठ्ठपणा जास्त निघाला. शेवटच्या तीन महिन्यांत झाली होती त्यांच्यात उलट कमी. म्हणजे भुकेची वेळसुद्धा महत्त्वाची. पोटातल्या जिवाने जणू हिशोब मांडला की बाहेर दुष्काळ आहे, मिळेल ते साठवून ठेव, आणि बाहेर आला तर दुष्काळ संपलेला. पण हिशोब काही बदलला नाही.

माझी आई त्याच हिशोबाची असेल का? एका बाईवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण पंचेचाळिसाव्या वर्षी तिला शुगर निघाली आणि जिजीला पंच्याहत्तरीतही नाही, तेव्हा मनात येतंच. आणि अजून एक गोष्ट वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंगात तिची सगळी बीजं तयार होऊन बसतात. म्हणजे ज्या बीजातून मी झाले ते बीज जिजी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटातल्या माझ्या आईच्या पोटात होतं. त्या अर्थाने मिलोची भाकरी मीपण खाल्लीये.

हॉलंड लांब वाटत असेल तर पुण्यात या. मी जन्मले १९९३ ला, त्याच साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला, बायकांना गरोदर राहायच्या आधीपासून मोजायचं, मग बाळ, मग ते बाळ मोठं होईपर्यंत. त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, म्हणजे सगळ्या जिजीच. बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडे इंग्लंडात साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण गंमत ही की आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी होतं, हातपाय काड्या, आणि चरबी मात्र फारशी कमी नव्हती, पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. दिसायला वाळकं, आतून चरबीचं. पुढे असंही निघालं की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी चरबी जास्त आणि इन्सुलिन नीट चालेना. बी-१२ म्हणजे दूध, अंडी, मटण. आमच्याकडे दूध डेअरीला आणि उरलं तर आधी पुरुषाला, मग पोराला, मग लेकीला, सुनेला तळाची साय खरवडून. आता ही वाटणी कोणी कागदावर लिहून दिली नव्हती, तरी तीन पिढ्या बरोबर चालली.

(हे सगळं वाचताना एक राग पण येतो, सांगून टाकते. जे बघावं ते आईच्याच पोटावर. आईने काय खाल्लं, आईचं वजन किती, आईला शुगर होती का. अरे त्या आईला ताटात काय वाढलं हे कोण ठरवत होतं त्याचा पण अभ्यास करा की.)

माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो सोफ्यावर पडून म्हणाला मी कुठे जाड आहे. खरंय, ६४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.७, शर्ट घातला की हिरो. टेप आणून बेंबीवरून कमर मोजली तर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या डॉक्टरांनी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द ठरवलीये, आणि बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा, गोऱ्यांना जो ३० ला म्हणतात. याच्यावर याज्ञिकांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी यडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा २२.३, पण अंगातली चरबी यडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. नवऱ्याने फोटो बघितला, टेप गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला आणि विषय बदलला.

आता हाडं मोठी या मुद्द्यावर येते, कारण तो अगदीच खोटा नाही. १९८६ साली डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास झाला, ती मोठी झाल्यावर कोणासारखी निघाली, वाढवणाऱ्या आईबापांसारखी की जन्म देणाऱ्या? वजनाच्या बाबतीत जन्म देणाऱ्यांसारखी. मग २००७ ला एफटीओ नावाच्या जीनचा एक प्रकार सापडला, ज्याच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती असतात त्याचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त. हे वाचून मला आधी बरं वाटलं, चला आपला दोष नाही. मग लक्षात आलं, तीन किलो. जिजीच्यात आणि माझ्यात एकतीस किलोंचा फरक आहे, त्यातले तीन घ्या वजा करून, बाकीचे अठ्ठावीस कोणाच्या नावावर टाकू?

अमेरिकेत आमिश म्हणून लोक आहेत, गाडी नाही, वीज नाही, घोड्यावर शेती. त्यांच्यात २००८ साली हाच जीन तपासला तर जे भरपूर राबतात त्यांच्यात त्या जीनचा वजनावर परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला, जे कमी हलतात त्यांच्यात दिसला. आणि कॅनडातल्या आमिश लोकांच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावलं होतं तर पुरुष दिवसाला १८ हजार पावलं, बायका १४ हजार. खाणं काय तर बटाटे, मांस, लोणी, गोड पाई. म्हणजे आपल्या पुरणपोळी-तुपाच्या खात्यातलंच.

मी जिजीला विचारलं तू दिवसभर काय करायचीस ते क्रमाने सांग. तिला प्रश्नच कळेना, काय करायचे म्हणजे, कामं. मग हळूहळू निघालं. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर दळण, दादरचं म्हणजे ज्वारीचं, घरात अकरा माणसं. मग विहिरीवरून पाणी, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. शेण, गोठा, भाकऱ्या. मग वावर, तीन किलोमीटर लांब, डोक्यावर टोपलं, टोपल्यात सगळ्यांच्या भाकरी आणि ठेचा. दिवसभर निंदणी नाहीतर कापूस वेचणी, वेचणी म्हणजे कमरेला ओटी बांधायची आणि वाकून वाकून ती भरत न्यायची. येताना सरपणाचा भारा. खायला कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, पोकळ्याची नाहीतर अंबाडीची भाजी, गोड म्हणजे सणाला. तेल? तेल बाटलीत आणायचो म्हणते, तेल्याकडून, आठ दिवसांचं एकदम कोण आणतंय, पळी तव्यावर नुसती दाखवायची. माझा फोन काढून बघितला, त्या दिवशीची माझी पावलं २,३१०, त्यात बस स्टँडवरची शोधाशोध धरून.

आई लग्न होऊन अमळनेरला आली १९९१ ला. वावरातून एकदम तालुक्याच्या गावात, नवरा नोकरीवाला, घरात नळ, पिठाची गिरणी गल्लीच्या टोकाला, दोन वर्षांत गॅस, चार वर्षांत मिक्सर. काम निम्मं झालं आणि खाणं दुप्पट, कारण आता होतं खायला. अमळनेर म्हणजे वनस्पती तुपाचं गाव, आज जी विप्रो आहे ती १९४५ साली इथेच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून सुरू झाली, तेल आणि वनस्पती बनवायला, भुईमूग इथे पिकायचाच (शेअर कोणाच्या आजोबांनी विकले आणि कोणाच्या ठेवले हा अमळनेरात वेगळाच दुखरा विषय आहे). तर आईच्या स्वयंपाकघरात डब्यात डालडा, कोणत्याही कंपनीचा असो डालडाच म्हणायचं, आणि त्याच्या पुऱ्या, शंकरपाळ्या, भाताच्या मुदीवर एक गोळा. भाकरी मागे पडली ती तेव्हा. रेशनवर गहू आणि तांदूळ, दादर महाग, आणि भाकरी म्हणजे गरिबी असं आईच्या डोक्यात बसलेलं, पाहुणा आला की पोळीच. भाकरी खाऊन वाढलेल्या बाईने मला भाकरी थापायला शिकवलीच नाही, म्हणाली तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आणि एक नियम मात्र जिजीकडून जसाच्या तसा आला. ताटात काही टाकायचं नाही. माझ्या लहानपणी मी पोट भरलं म्हटलं की आई म्हणायची, भूक काय असते ते तुला काय माहीत, तुझ्या जिजीने मिलो खाल्लीये. आणि मी उरलेला भात संपवायचे. आज मी चिमीला काय म्हणते? तेच. शब्दसुद्धा तेच. चिमीला मिलो म्हणजे काय माहीत नाही, तिला वाटतं ते दुधात टाकायचं चॉकलेट पावडर आहे.

चौदा-पंधराव्या वर्षी माझं वजन वाढायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले अंगाने भरली, चांगलं स्थळ येईल. चिमीच्या वेळी मला गरोदरपणात शुगर निघाली, ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी पाजून रक्त घेतात ना, त्यात. चिमी ३.८ किलोची जन्मली आणि अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले, काय गुटगुटीत बाळ. मला कोणी सांगितलं नाही की आईला शुगर असली की बाळाकडे जादा साखर जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं, आणि अशी मुलं पुढे जाड व्हायची शक्यता जास्त. म्हणजे जिजीच्या पोटात उपाशी राहून जे सुरू झालं ते माझ्या पोटात भरलेपणाने पुढे गेलं. दोन टोकं, वाट एकच. बाळंतपणानंतर दीड महिना मला डिंकाचे लाडू, रोज दोन, वर तूप, आणि खाटेवरून उतरायचं नाही. जिजीला चौथ्या दिवशी गोठ्यात जावं लागलं होतं म्हणून मला चाळीस दिवस उतरू दिलं नाही. प्रेमच ते, नाही कुठे म्हणतेय मी.

मागच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून एका डॉक्टरकडे गेले, त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, कमी खा आणि फिरायला जा, पुढचा पेशंट. फिरायला जा. कुठे? मी जळगावात राहते, आमच्या कॉलनीतून मेहरूण तलाव गाठायचा तर आधी स्कूटर काढावी लागते. जवळचा रस्ता म्हणाल तर हायवे, सुरत-नागपूर, ट्रकच्या बाजूने पहाटे साडी आणि स्पोर्ट शूज घालून चालणाऱ्या बायका तुम्ही पण बघितल्या असतील, एका हातात काठी, कुत्र्यांसाठी. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी नऊनंतर बाहेर पाय ठेवायची सोय नाही. चिमीची शाळा एसी बसने, शाळेला ग्राउंड आहे पण पीटीच्या तासाला गणित घेतात, संध्याकाळी ट्यूशन, त्याआधी ऊन उतरेपर्यंत घरात, घरात म्हणजे मोबाईल, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयाचा पुडा, माळेसारखे लटकवलेले, बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पाच रुपयाला केळं का नाही मिळत? जळगाव जिल्हा, रावेर-यावलचं केळं, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं, ट्रक भरभरून दिल्लीला जातं, आणि आमच्या कोपऱ्यावर पुडा.

सरकारी पाहणीत २०१५-१६ ला देशातल्या २०.६ टक्के बायका जास्त वजनाच्या होत्या, २०१९-२१ ला २४ टक्के. चार-पाच वर्षांत हाडं कशी मोठी होतील सांगा.

परत आल्यावर मी एकच गोष्ट मोजली, तेल. आमच्याकडे १५ किलोचा डबा दोन महिने पुरतो, माणसं चार, सासूबाई धरून. भागाकार केला तर माणशी रोज ६२ ग्रॅम, म्हणजे ५६० कॅलरी, म्हणजे दोन चांगल्या दणदणीत भाकरी प्रत्येकजण रोज पिऊन टाकतोय. आणि आम्ही स्वतःला कमी तेलवाले समजत होतो! शेवभाजी करायची तर तर्री वर आली पाहिजे, नाहीतर पाहुणा म्हणतो काय ताई तब्येत बरी नाही का. भरीताला वरून कच्चं तेल. वरण-बट्टीत बट्टी तळलेली, वर तूप. थंडीत शेतावर भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वांग्यात काय आहे हो, काहीच नाही, पण सोबत पुऱ्या. जिजीच्या घरी हेच पदार्थ होते, वर्षातून चार वेळा. आमच्याकडे दर रविवारी कानबाईच्या सणाचे रोट असल्यासारखं चालतं.

सासूबाईंना हिशोब दाखवला तर त्या म्हणाल्या कागदावर भाजी होत नाही. बरोबर आहे त्यांचं. मी काही क्रांती केली नाही. डब्यातून थेट ओतायच्या ऐवजी आठवड्याचं तेल एका बाटलीत काढून ठेवते, जिजीसारखं, संपलं की संपलं, शनिवारी उकडलेलं गंगाफळ (लाल भोपळा) खावं लागतं आणि घरात दोन मतं पडतात. यूट्यूब लावून भाकरी शिकले, पहिल्या आठ भाकरींचे नकाशे झाले. मामाला फोन करून सांगितलं की पुन्हा तिला गोणी म्हणायचं नाही, तर तो इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी चिमीसाठी सायकलचे पैसे पाठवले, आता ती सायकल पार्किंगमध्येच फिरते कारण बाहेर डंपर. वजनाचा काटा घरात आणला नाही. चिमीसमोर आई आणि मी आमच्या पोटाला नावं ठेवत बसायचो, ते बंद केलंय, निदान मी केलंय, आई फोनवर अजून सुरू होते.

आणि "ताट संपव" हे तोंडातून अजून येतं. अर्धं येतं, मग मी थांबते.

दर रविवारी जिजीचा फोन येतो, मामेभाऊ लावून देतो. कशी आहेस वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "काय खाधं व माय?" चिमी स्पीकरवर ओरडते, भाकरी. "आखो?" गिलक्याची भाजी. "आखो?" मठ्ठा. तिकडे थोडा वेळ शांत, जिजी मनातल्या मनात मोजत असणार, मग विचारते भाकरी कितल्या? चिमी माझ्याकडे बघते, समोरच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे बघते, आणि सांगते, "दोन, जिजी. दोन खाल्ल्या."